तिनं विकले, मी घेतले

ब्रोकरच्या सर्व्हेलन्स, म्हणजे व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या, विभागाचा ईमेल आला माझ्या इनबॉक्समध्ये, पण बायकोच्या नावानं. तिचं खातं उघडताना ईमेलच्या रकान्यात माझाच पत्ता घातला होता. नवरा-बायकोला एकच ईमेल चालतो, तसं लिहून दिलं की पुरे. तासाभरानं तसाच दुसरा आला, माझ्या नावानं. दोन्हींत एका ओळीचा तक्ता. शेअरचं नाव, तारीख, संख्या २००, भाव २१८ रुपये, व्यवहाराची वेळ. तिच्या तक्त्यात ‘विक्री’, माझ्या तक्त्यात ‘खरेदी’. खाली प्रश्नांची लांबलचक यादी आणि सात दिवसांची मुदत. उत्तर पटेपर्यंत दोन्ही खात्यांत नवी खरेदी बंद. हातात असतील ते विकता येतील.

म्हणजे आम्ही दोघांनी संगनमत करून आपसात शेअर फिरवले, असा संशय. रक्कम ४३,६०० रुपये.

झालं होतं ते असं. सासरे गेल्यावर त्यांचे एका जुन्या कंपनीचे शेअर वाटणीत बायकोकडे आले. कंपनी फक्त बीएसईवर, म्हणजे मुंबईच्या एक्स्चेंजवर, नोंदलेली, दिवसाला दोन-तीनशे शेअरची उलाढाल झाली तरी खूप. ते नावावर करून घेण्यापुरतं तिचं डीमॅट खातं उघडलं आणि पुढे ते तसंच पडून राहिलं. मला मात्र कंपनी आवडली. ताळेबंद चाळला, डोक्यावर कर्ज नाही, लाभांश चुकत नाही. म्हणून मी माझ्या खात्यात अधूनमधून वीस-तीस शेअर घेत आलो होतो. शिवाय भाव उतरला तर जरा जास्त घ्यावेत म्हणून एक जीटीटी ऑर्डर लावून ठेवली होती: भाव २२० दिसला की २१९ पर्यंत २०० शेअर घ्यायचे. ही जीटीटी एक्स्चेंजवर नसते. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर पडून असते, ठरवलेला भाव दिसला की तिथून बाजारात जाते, आणि वर्षभरसुद्धा वाट बघू शकते.

मे महिन्यात घराचं छप्पर करायला काढलं. पावसाच्या आधी कौलं उतरवून वासे-रिपा बदलायच्या होत्या आणि ठेकेदार अर्धे पैसे आगाऊ मागत होता. बायको शाळेत शिकवते, सुट्टी चालू होती. तिनं सकाळी घरातूनच मोबाईलवर ५०० शेअर २१८ ला विकायला लावले. तिचे शेअर, तिचा निर्णय. मला विचारायचं काही कारणच नव्हतं. मी त्या वेळी गोव्यातल्या कुंडईला कंपनीत. आमची औषधांची कंपनी, प्लांटमध्ये फोन नेता येत नाही, तो गेटजवळच्या लॉकरमध्ये.

त्या क्षणी खरेदीच्या बाजूला २२४ ला ३०, २२२ ला २० आणि २२० ला ५० शेअर उभे होते. तिच्या ऑर्डरनं ते सगळे उचलले. शेवटचा भाव २२० दिसला, माझी जीटीटी सुटली, आणि समोर विकायला तिचेच उरलेले ४०० शेअर. त्यातले २०० माझ्या खात्यात आले. बाकीचे दिवसभरात इतरांनी किरकोळीत घेतले. दिवसाची एकूण उलाढाल ५०० च्या किंचित वर, त्यातले २०० एकाच घरातून त्याच घरात. शिवाय पडून असलेलं खातं अचानक जागं झालेलं. पत्ता एक, ईमेल एक, जीटीटी लावली तेव्हाचं वायफायही घरचंच. संगणकाला हे दिसलं नसतं तरच नवल.

असे व्यवहार का पकडायचे, हे आधी मान्य करतो, कारण पुढे मी कुरकुर करणार आहे. ज्या शेअरमध्ये गिऱ्हाईकच नाही, तिथं चार खात्यांनी एकमेकांत खरेदी-विक्री सुरू केली की पडद्यावर उलाढाल वाढलेली दिसते, भाव वर चढतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टिप वाचणारा पाचवा माणूस त्यात सापडतो. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे गैरव्यवहार रोखणारे २००३ चे नियम त्यासाठीच आहेत. उलाढालीचा खोटा देखावा करणं आणि मालकी खरोखर बदलायचा इरादा नसताना केलेला व्यवहार, दोन्ही त्यात स्पष्ट शब्दांत मना आहेत. एकाच पॅनच्या दोन ऑर्डरी समोरासमोर आल्या तर एक्स्चेंजची यंत्रणाच त्यातली एक रद्द करते. आमचे पॅन दोन. त्यामुळे व्यवहार होऊन गेला आणि प्रश्न मागून आले.

पहिला फोन अर्थातच ग्राहक सेवेला केला. तिकडच्या मुलाला असा संशयाचा अलर्ट म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ‘सर, तुमचं खातं अ‍ॅक्टिव्ह दिसतंय’ हे त्यानं तीनदा सांगितलं. सर्व्हेलन्सवाल्यांशी थेट बोलता येत नाही, तिकीट काढा, ते फोन करतील. ईमेलच्या खाली नाव नाही, नंबर नाही, नुसतं ‘टीम’.

मग प्रश्न वाचायला बसलो. समोरच्या खातेदाराशी तुमचं नातं काय? ऑर्डर कुणी टाकली, कोणत्या यंत्रावरून, कुठून? हाच शेअर का? हाच भाव का? पैसे कुठून आले? कंपनीच्या प्रवर्तकांशी ओळख आहे का? टिप देणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये आहात का? तुमचं लॉगिन दुसरं कुणी वापरतं का? सोबत जोडायचं ते असं: व्यवहाराच्या आधीचे पंधरा आणि नंतरचे पंधरा दिवस, बँकेचं आणि डीमॅटचं स्टेटमेंट, आयकराचं रिटर्न, शेअर कुठून आले त्याचा पुरावा.

मी क्वालिटी विभागात आहे. बॅचमध्ये काही वेगळं घडलं की आम्ही डेव्हिएशन रिपोर्ट लिहितो, हा कागद थेट त्याच जातीचा होता. काय घडलं, किती वाजता, कुणाच्या हातून, पुरावा कुठे. ‘आम्ही प्रामाणिक माणसं आहोत’ हे वाक्य अशा रिपोर्टात कुणी वाचत नाही. हे ठाऊक असूनही पहिल्या मसुद्यात मी एक वकिली मुद्दा घातला, आणि तो मला फार आवडला होता.

मुद्दा गोव्याचा होता. बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही इथं चालू राहिला. त्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक धरली जाते, दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, वारशानं आलेलं धरून. आयकरातही त्याचा परिणाम आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात, म्हणजे एप्रिल २०२६ पर्यंतच्या जुन्या कायद्यात, कलम ५अ खास आमच्यासारख्यांसाठी होतं. पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडं, व्याज, भांडवली नफा असलं उत्पन्न दोघांत निम्मं वाटून प्रत्येकानं आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. त्यासाठी फॉर्मात स्वतंत्र परिशिष्ट आहे. मी लिहिलं: कायद्यानंच आमचं सगळं सामाईक असताना मी माझ्याच बायकोकडून शेअर घेऊन कुणाला काय फसवणार? काय मिळवणार?

मसुदा घेऊन फोंड्याला आमच्या सीएंकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं आणि तो परिच्छेद पेन्सिलीनं आडवा कापला.

“हें बरोवं नाका,” ते कोंकणीत म्हणाले, हे लिहू नका. मग मराठीत, कारण गंभीर बोलायचं असलं की ते मराठीवर येतात: “अहो, त्यांचा आरोप काय? मालकी बदललीच नाही, नुसता देखावा केला. आणि तुम्ही सहीनिशी लिहून देताय की बाबांनो, खरंच, आमच्यात मालकी बदलतच नाही!”

मी गप्प. डीमॅटच्या नोंदीत मालक बदलतो हे खरं. पण पत्र वाचणारा मुंबईत बसून एवढा कीस काढणार नाही, तो ते वाक्य उचलून फाईलला लावील, असं त्यांचं म्हणणं.

“मग हे लपवायचं?”

“लपवायचं कशाला? लपणारच नाही. रिटर्न मागितलंय ना? त्यात परिशिष्ट आहे. वारशाचा दस्त मागितलाय ना? तो उघडून बघा.”

बघितला. सब-रजिस्ट्रारकडे स्पेशल नोटरीसमोर झालेल्या त्या दस्तात वारस म्हणून बायकोचं नाव आणि लगेच पुढे, अमक्याशी विवाहित म्हणून, माझं. गोव्यात अशा दस्तात जोडीदार येतोच. म्हणजे शेअर तिचे आहेत हे ज्या कागदानं सिद्ध करायचं, त्याच कागदावर मीही हजर.

शेवटी ठरलं ते असं. नातं, सामाईक मालमत्ता, ५अ, सगळं एका वाक्यात वस्तुस्थिती म्हणून सांगायचं; त्यावर युक्तिवाद उभा करायचा नाही. युक्तिवाद दोनच गोष्टींवर. एक, माझी जीटीटी तिच्या विक्रीच्या कितीतरी आठवडे आधी लावलेली होती. दोन, विक्रीचे पैसे माझ्याकडे फिरून आले नाहीत.

यातली पहिली गोष्ट सिद्ध करण्याची तऱ्हा ऐका. जीटीटी कधी लावली याची नोंद ब्रोकरच्याच सर्व्हरवर. अ‍ॅपमध्ये ती सुटून गेल्यावर लावल्याची तारीख दिसेना. म्हणून ग्राहक सेवेकडे तिकीट काढून त्यांच्याकडून नोंद मागवायची, आणि ती पीडीएफ त्याच ब्रोकरच्या सर्व्हेलन्स विभागाला पाठवायची. एकाच इमारतीतल्या दोन मजल्यांमधला टपालवाला मी, कुंडईहून. ती नोंद येईपर्यंत मुदत संपत आली. मी मुदतवाढीसाठी लिहिलं, उत्तर आलं नाही, पण खातं पूर्ण बंदही झालं नाही.

बँकेचा मामला सोपा. आमची शाखा लहान, काउंटरवरच्या बाईंनी ‘कित्याक जाय?’, कशाला हवं, एवढंच विचारून शिक्का मारून दिला.

पत्र गेलं. बऱ्याच दिवसांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मुंबईच्या नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई मराठी, आवाजावरून पस्तिशीची. आधी संभाषण ध्वनिमुद्रित होत असल्याचं सांगितलं, मग पॅनचे शेवटचे अंक विचारले.

“सर, तुमची जीटीटीची नोंद बघितली. ती ठीक आहे. मिसेसना त्या जीटीटीबद्दल माहिती होती का?”

“नव्हती. ती माझं खातं बघत नाही.”

“मग २१८ हाच भाव त्यांनी कसा ठरवला?”

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, पण बायकोनं आधीच सांगून ठेवलं होतं: मागच्या आठवड्याभरातला नीचांक बघून त्याच्याही थोडं खाली, म्हणजे विकले जातीलच. मी तसंच सांगितलं. पलीकडे टाईप केल्याचा आवाज.

“व्यवहाराच्या दोन दिवस आधी तुमच्या खात्यातून मिसेसच्या खात्यात पंधरा हजार गेलेत.”

“घरखर्चाचे. दर महिन्याला जातात.”

“सर, स्टेटमेंट एकाच महिन्याचं आहे. मला दर महिन्याचं कसं दिसणार? मागच्या सहा महिन्यांचं पाठवा.”

बरोबर होतं तिचं. मग ती रिटर्नवर आली. माझ्या रिटर्नमध्ये बायकोच्या व्याजाचा आणि लाभांशाचा निम्मा भाग कसा, म्हणजे दोन्ही खात्यांमागचा पैसा एकाच माणसाचा आहे का? सीए म्हणाले होते तसंच झालं, लपलं नाही. मी ५अ सांगितलं. तिनं ते ऐकलेलंच नव्हतं. “फक्त गोव्यात?” गोवा, दमण-दीव, दादरा-नगरहवेली. “कलम लिहून पाठवा सर, मी साहेबांना दाखवते.” तिचा सूर चौकशीचा कमी आणि कुतूहलाचा जास्त झाला होता, निदान मला तसं वाटलं. मग मीही विचारलं, की एवढ्याशा रकमेसाठी एवढं का?

त्यावर ती जे बोलली त्यात तिची बाजू कळली. अलर्ट बऱ्याचदा एक्स्चेंजकडून येतात. पडून असलेल्या खात्यात अचानक व्यवहार, एकाच शेअरमध्ये एकवटलेली खरेदी, गोल फिरणारे व्यवहार, उलटसुलट करून आधीच्या जागी आलेले व्यवहार, मोठ्या ऑर्डरी लावून मागे घेणं, असे त्याचे प्रकार ठरलेले आहेत. प्रत्येकाला ब्रोकरनं लेखी निकाल द्यायचा. नाही दिला तर दंड ब्रोकरला. जून २०२४ मध्ये सेबीनं ब्रोकरांच्या नियमावलीत नवं प्रकरण घालून गैरव्यवहार शोधायची यंत्रणा स्वतः उभारणं हीच त्यांची जबाबदारी केली, मोठ्या ब्रोकरांपासून सुरू करून टप्प्याटप्प्यानं. “रक्कम बघून सोडलं तर सर, सगळे छोट्या छोट्या रकमांतच करतील.” आणि पुढे: “तुमच्या केसमध्ये मी एकच बघत होते. पैसे मिसेसकडून परत तुमच्याकडे आलेत का. ते ठेकेदाराकडे गेलेत.” दुसऱ्या दिवशी विक्रीची रक्कम जमा, चौथ्या दिवशी छपराच्या ठेकेदाराला एनईएफटी. बँकेच्या कागदावरची ती ओळ माझ्या सगळ्या इंग्रजी परिच्छेदांना भारी पडली.

रकमेचं मनात सलत होतं हे कबूल. जुलै २०२५ मध्ये सेबीनं जेन स्ट्रीट या अमेरिकी ट्रेडिंग कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जप्त करायला सांगितले, तेव्हा पेपरात आकडे वाचून आपण सगळ्यांनी तोंडात बोट घातलं होतं. तिकडे कोटींच्या गोष्टी, आणि इथं कौलांचे पैसे. पण सीएंनी मला एक वेगळंच उदाहरण दिलं, आणि ते छोट्या माणसांचंच आहे. १ एप्रिल २०१४ ते ३० सप्टेंबर २०१५ या काळात बीएसईच्या स्टॉक ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअर पुढे ठरावीक भावाला घेण्या-विकण्याच्या हक्कांच्या बाजारात, झालेल्या व्यवहारांची सेबीनं तपासणी केली. ज्या ऑप्शनला कुणी विचारत नाही, त्यात दोघांनी एका भावाला घ्यायचं आणि थोड्याच वेळात भलत्याच भावाला उलटं करायचं. एकाचा तोटा, दुसऱ्याचा तेवढाच नफा. त्या विभागातले ऐंशी टक्क्यांहून जास्त व्यवहार खोटे निघाले, १४,७२० जण त्यात सापडले. कायद्यात असल्या गैरव्यवहाराला किमान दंड ५ लाखांचा, मग तोटा पाच हजारांचा दाखवलेला का असेना. वर्षानुवर्षं नोटिसा चालल्या होत्या, शेवटी सेबीला पुन्हा पुन्हा तडजोडीच्या योजना आणाव्या लागल्या. सीएंचा म्हापशाचा एक व्यापारी अशील त्यात होता. मार्च अखेरीला, कर वाचावा म्हणून, ‘थोडा तोटा बुक करून देतो’ म्हणणाऱ्या माणसाला त्यानं लॉगिन देऊन टाकलं होतं. नोटीस आली तेव्हा तो व्यवहार त्याला आठवतसुद्धा नव्हता. आज बरेच ब्रोकर असल्या ऑप्शनमध्ये ऑर्डरच घेत नाहीत, अ‍ॅप लाल पट्टी दाखवून परत पाठवतं. आपल्याला राग येतो, पण त्या लाल पट्टीमागे ही १४,७२० माणसं आहेत.

माझी कुरकुर वेगळी आहे. विचारा, जरूर विचारा. पण विचारणाऱ्याचं नाव खाली असू द्या. स्वतःच्या सर्व्हरवर आहे ते गिऱ्हाईकाकडून मागू नका. आणि पत्र समजेल अशा भाषेत पाठवा. माझ्यासारखा रोज एसओपी, म्हणजे कामाच्या पद्धतीचे कागद, वाचणारा माणूस त्या इंग्रजीत दोनदा अडला. पेडणे किंवा सत्तरी तालुक्यातली एखादी विधवा, जिनं नवऱ्याच्या मागे खातं उघडलंय, ती ‘तुमच्या व्यवहारांमागील तर्काधार विशद करावा’ छापाच्या इंग्रजीला काय उत्तर देणार? ती घाबरून गप्प बसेल, आणि गप्प बसणं हेच तिच्याविरुद्धचं उत्तर धरलं जाईल.

सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि कलमाची प्रत पाठवल्यावर काही दिवसांनी दोन ओळींचा ईमेल आला. स्पष्टीकरणाची नोंद घेतली आहे, निर्बंध उठवले आहेत, संबंधित खात्यांनी कमी उलाढालीच्या शेअरमध्ये परस्परविरुद्ध व्यवहार टाळावेत, पुन्हा असा अलर्ट आल्यास खातं बंद करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे. ‘निर्दोष’ असा शब्द कुठेही नाही. सीए म्हणाले, तो शब्द ते कधीच वापरत नाहीत, पत्र जपून ठेवा.

फोनवर त्या बाईनं जाता जाता एक कामाची गोष्ट सांगितली होती. घरातल्या घरात शेअर द्यायचेच असतील तर बाजारात आणू नका, ऑफ-मार्केट ट्रान्स्फर करा, कारण म्हणून भेट लिहा. शेअर थेट एका डीमॅटमधून दुसऱ्यात जातात, भावाशी संबंध नाही, असला अलर्टही नाही. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “भेट? मी विकत होते. छप्पर गळत होतं.”

त्या शेअरमधल्या माझ्या बाकीच्या जीटीटी काढून टाकल्या आहेत. तिच्याकडे अजून थोडे उरलेत, आणि ती ते कधी विकणार हे मला सांगणार नाही असं तिनं बजावलंय. ते बरंच. मात्र तिच्या खात्याची पत्रं माझ्याकडे येतात हे तिला आता खटकलं, म्हणून स्वतःचा ईमेल नोंदवायला तिनं फॉर्म भरून पाठवला. तो परत आला. खातं उघडताना तिनं सही मराठीत केली होती, आणि फॉर्मवर घाईत इंग्रजीत. आता नवा फॉर्म, सोबत बँकेकडून सही प्रमाणित करून.